पॉलिमरने स्थिरावलेले द्रवस्फटिक आणि डिस्प्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्रवस्फटिकात थोडेसे पॉलिमर तयार करून त्याचे वर्तन हवे तसे बांधून घेण्याचे तंत्र आज टीव्हीच्या पॅनेलपासून बटण दाबताच धूसर होणाऱ्या काचेपर्यंत पोचले आहे. पदव्युत्तर विद्यार्थी, पॅनेलची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ आणि काचकामाच्या व्यवसायातील मंडळी यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयाचा गाभा त्यांच्यातच आहे.

द्रवस्फटिक म्हणजे नेमके काय?

स्फटिकात रेणूंची जागा आणि दिशा दोन्ही ठरलेल्या असतात, तर साध्या द्रवात दोन्ही ठरलेल्या नसतात. काही लांबट रेणूंचे पदार्थ मात्र या दोहोंच्या मधल्या अवस्थेत राहतात: ते द्रवासारखे वाहतात, पण त्यांचे रेणू सरासरीने एकाच दिशेला तोंड करून असतात. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीडरिश रायनित्सर यांना असे आढळले की कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशांना तोच द्रव एकदम नितळ होतो. ऑटो लेहमान यांनी हा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासला आणि त्या गढूळ द्रवात स्फटिकासारखे प्रकाशीय गुण आहेत हे दाखवले.

डिस्प्लेसाठी दोन अवस्था सर्वांत महत्त्वाच्या आहेत. नेमॅटिक अवस्थेत रेणू एका दिशेला समांतर राहतात. कोलेस्टेरिक अवस्थेत हीच दिशा थराथराने वळत जाऊन मळसूत्रासारखी रचना होते, आणि त्या मळसूत्राच्या एका वेढ्याची लांबी कोणत्या रंगाचा प्रकाश परत फिरेल हे ठरवते. रेणूंची ही दिशा विद्युत क्षेत्राने वळवता येते, आणि रेणू वळले की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची ध्रुवीकरणाची स्थिती, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, बदलते. एलसीडी या एवढ्याच गोष्टीवर उभी आहे.

मग त्यात पॉलिमर कशासाठी?

दिशेची आठवण राहावी म्हणून. व्होल्टेज काढून घेतले की द्रवस्फटिकाने कोणत्या स्थितीत परतायचे, आणि व्होल्टेज दिले की कोणत्या बाजूला कलायचे, हे एरवी फक्त काचेच्या आतल्या पृष्ठभागावरचा अलाइनमेंट थर सांगतो. हा थर म्हणजे बहुधा पॉलिइमाइडचे पातळ लेपन, ते घासून किंवा प्रकाशाने संस्कारित करून त्याला दिशा दिलेली असते. पण पृष्ठभागाचा हुकूम थराच्या मध्यापर्यंत पोचेपर्यंत क्षीण होतो, आणि काही रचनांमध्ये तर पृष्ठभागाने काही सांगण्याची सोयच नसते. अशा वेळी द्रवस्फटिकाच्या आत किंवा काचेलगत पॉलिमरचे विरळ जाळे तयार केले, तर ते जाळे ज्या क्षणी तयार झाले त्या क्षणीची रेणूंची दिशा स्वतःत धरून ठेवते आणि पुढे आयुष्यभर शेजारच्या द्रवस्फटिकाला तीच दिशा सुचवत राहते.

घरातले उदाहरण द्यायचे तर विरजणाचे देता येईल: प्रमाण अगदी थोडे, भांडे हलवायचे नाही, आणि लागताना जी स्थिती असेल तीच कायम होते. पण हे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते. विरजणाने सगळे दूध बदलते, इथे मात्र द्रवस्फटिक द्रवच राहते आणि फक्त जाळे घट्ट होते. हा फरक लक्षात ठेवला नाही तर पुढचे बरेच काही चुकीचे समजेल.

पीडीएलसी आणि हे एकच का?

नाही, आणि हा घोटाळा व्यापारी माहितीपत्रकांमध्येही आढळतो. पीडीएलसी म्हणजे पॉलिमरमध्ये विखुरलेले द्रवस्फटिक. त्यात पॉलिमरचे प्रमाण मोठे, साधारण ३० टक्क्यांपासून निम्म्याहून अधिकही असते, आणि द्रवस्फटिक त्यात मायक्रोमीटर आकाराच्या थेंबांच्या रूपाने बंदिस्त असते. स्पंजातल्या पाण्याच्या थेंबांसारखी ती रचना आहे. पॉलिमरने स्थिरावलेल्या प्रकारात उलट स्थिती असते: द्रवस्फटिक सलग असते आणि त्यात पॉलिमर १० टक्क्यांहून कमी, बहुतेकदा ५ टक्क्यांच्या आत असते. टीव्हीच्या पॅनेलमध्ये तर ते वजनाने सुमारे ०.३ टक्के, म्हणजे किलोभर मिश्रणात तीनेक ग्रॅम असते. माझ्या मते प्रमाणापेक्षाही ‘सलग कोण आहे’ हा प्रश्न विचारणे अधिक योग्य, कारण प्रतिसादाचा वेग, लागणारे व्होल्टेज आणि धूसरपणा हे सगळे त्यावरून ठरते.

हे जाळे तयार कसे होते?

द्रवस्फटिकात मोनोमर, म्हणजे ज्याचे लहान रेणू जोडले जाऊन पॉलिमर बनते तो पदार्थ, विरघळवला जातो. मिश्रण दोन काचांच्या मध्ये भरल्यावर रेणूंची हवी ती रचना आधी घडवून आणली जाते, कधी अलाइनमेंट थराने, कधी व्होल्टेज देऊन, कधी तापमान नेमके राखून. ती रचना स्थिर झाली की अतिनील प्रकाश टाकला जातो. मोनोमरचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या होतात, साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि वाढत जाणारे पॉलिमर द्रवस्फटिकात विरघळेनासे झाल्यामुळे वेगळे पडून तंतू, पत्रे किंवा कण यांच्या रूपाने उरते.

या क्रमात एक गोष्ट निर्णायक आहे: प्रकाश पडतो त्या वेळी द्रवस्फटिक ज्या अवस्थेत असेल, त्याचा ठसा जाळ्यावर उमटतो. नेमॅटिक अवस्थेत जाळे धरले तर तंतू रेणूंच्या दिशेलाच लांबतात. तेच मिश्रण तापवून साध्या द्रवाच्या अवस्थेत असताना प्रकाश टाकला, तर जाळे कोणत्याही दिशेचे न राहता दाणेदार होते, आणि पुढे ते थंड केल्यावर द्रवस्फटिकाला दिशा देण्याऐवजी त्याचा विस्कोट करते. घटक तेच, प्रमाण तेच, दिवा तोच, आणि परिणाम पूर्ण वेगळा.

कोणताही मोनोमर चालतो का?

चालत नाही. मोनोमरच्या रेणूचा मधला भागही द्रवस्फटिकासारखा लांबट आणि कडक असला, तर तो शेजाऱ्यांच्या रांगेत सहज बसतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना ॲक्रिलेट किंवा मेथॅक्रिलेट गट असले की प्रकाशात त्याचे जाळे होते. अशा रेणूंना व्यवहारात ‘रिॲक्टिव्ह मेसोजेन’ म्हणतात. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत डर्क ब्रूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मोनोमरांना आधी रांगेत लावून मग प्रकाशाने घट्ट करण्याची पद्धत विकसित केली. प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा आरएम २५७ हा याच कुळातला आहे.

साधे, लवचिक ॲक्रिलेट वापरले तर ते द्रवस्फटिकाच्या रांगेत बसत नाहीत, मिश्रणाची नेमॅटिक राहण्याची तापमानमर्यादा खाली ओढतात आणि थेंब बनवण्याकडे त्यांचा कल असतो. पीडीएलसीसाठी तेच हवे असते, येथे ते नको.

दिव्याची तीव्रता आणि तापमान यांनी काय फरक पडतो?

बराच पडतो. तीव्र प्रकाशात एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी साखळ्या सुरू होतात, म्हणून जाळे बारीक विणीचे होते; मंद प्रकाशात मोनोमरला दूरवरून सरकत येऊन मोठ्या गाठीत सामील व्हायला वेळ मिळतो, म्हणून वीण भरड होते. तापमान वाढवले तर रेणूंची हालचाल वाढून वीण सहसा भरडच होते. विणीच्या आकाराला दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीशी, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरशी, थेट संबंध आहे: भोके त्या मापाची किंवा त्याहून मोठी झाली की प्रकाश विखुरतो आणि पॅनेल दुधाळ दिसते. खिडकीच्या काचेला हा गुण उपयोगी पडतो. टीव्हीला तो घातक असतो.

टीव्हीच्या पॅनेलमध्ये पॉलिमर खरोखर असते का?

उभ्या मांडणीच्या, म्हणजे व्हीए प्रकारच्या, अनेक पॅनेलांमध्ये असते. या उत्तराला थोडा वेळ द्यावा अशी विनंती आहे, कारण या तंत्राचा सर्वांत मोठा व्यवहारातील उपयोग हाच आहे.

व्हीए पॅनेलमध्ये व्होल्टेज नसताना रेणू काचेवर सरळ उभे असतात. एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून (ध्रुवक म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म) अशा उभ्या रेणूंवर पडलेला प्रकाश बाहेर येऊ शकत नाही, म्हणून काळा रंग अगदी गडद मिळतो. व्होल्टेज दिले की रेणू आडवे होऊ लागतात आणि प्रकाश येतो. अडचण एकच आहे: अगदी सरळ उभ्या रेणूला कोणत्या बाजूला पडायचे हे कोणी सांगितलेले नसते. ज्वारीचे उभे पीक एका दिशेच्या वाऱ्याने पडले तर सगळे एका बाजूला लोळते, पण वावटळीत सापडले तर कुठले ताट कुठे जाईल सांगता येत नाही. तसेच इथे होते. शेजारशेजारचे रेणू वेगवेगळ्या बाजूंना कलतात, त्यांच्या सीमांवर काळ्या रेषा उमटतात, आणि त्या रेषा सरकून जाग्यावर बसेपर्यंत चित्र रेंगाळते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फुजित्सूने यावर एमव्हीए हा उपाय आणला. काचेवर बारीक उंचवटे घडवायचे, म्हणजे त्यांच्या उतारालगतचे रेणू आधीच थोडे कललेले राहतात आणि बाकीचे त्यांचे अनुकरण करतात. उपाय चांगला होता, पण त्याची किंमत होती. उंचवटे जागा खातात आणि प्रकाश अडवतात, त्यांच्या उतारावरचे कललेले रेणू काळ्या पडद्यातही थोडा प्रकाश गळू देतात, आणि उंचवट्यापासून दूर असलेल्या रेणूंपर्यंत निरोप पोचायला वेळ लागतो.

२००४ मध्ये फुजित्सूच्याच संशोधकांनी पीएसए, म्हणजे पॉलिमरने टिकवलेली अलाइनमेंट, मांडली. पिक्सेलचा पारदर्शक इलेक्ट्रोड माशाच्या काट्यासारख्या बारीक चिरांच्या आकारात कापायचा: मध्ये क्रूसासारखा दांडा आणि चार बाजूंना तिरप्या फांद्या. द्रवस्फटिकात अगदी अल्प मोनोमर घालून पॅनेल बंद करायचे. मग पॅनेलला व्होल्टेज द्यायचे, रेणू फांद्यांच्या दिशांना चार गटांत व्यवस्थित कलेपर्यंत थांबायचे, आणि व्होल्टेज चालू असतानाच अतिनील प्रकाश टाकायचा. मोनोमरचे पॉलिमर होऊन ते काचेच्या आतल्या पृष्ठभागावर नॅनोमीटर मोजमापाच्या कणांच्या रूपाने बसते. व्होल्टेज काढल्यावर रेणू पुन्हा उभे राहतात, पण अगदी सरळ नव्हे. पृष्ठभागालगत ते उभ्या रेषेपासून एक-दोन अंश कललेले राहतात. पुढच्या वेळी व्होल्टेज आले की प्रत्येक रेणूला आपली बाजू आधीच ठाऊक असते.

हे एक-दोन अंशच सगळे ठरवतात. कल वाढवला तर प्रतिसाद वेगवान होतो, पण काळ्या पडद्यात प्रकाश गळू लागतो आणि कॉन्ट्रास्ट उतरतो. कल कमी केला तर काळा रंग उत्तम, पण रेणू पुन्हा गोंधळतात. व्हीए पॅनेलचा ३०००:१ किंवा त्याहून जास्त कॉन्ट्रास्ट आणि हलत्या चित्रासाठी पुरेसा वेग हे दोन्ही एकत्र मिळतात ते या अरुंद पट्ट्यात कल धरून ठेवल्यामुळे. उंचवटे गेल्याने अडणारा प्रकाशही मोकळा होतो, म्हणून मागचा दिवा तितक्या जोरात लावावा लागत नाही. या तंत्राचे पुढे फाटेही फुटले: काही उत्पादक मोनोमर द्रवस्फटिकात न घालता अलाइनमेंट थरातच मिसळतात, तर शार्पने २००९ मध्ये जाहीर केलेल्या यूव्हीटूए पद्धतीत अलाइनमेंट थरालाच प्रकाशाने दिशा दिली जाते आणि उंचवटे व चिरा दोन्ही टळतात.

कारखान्यात अतिनील प्रकाश दोनदा का टाकतात?

पहिल्या वेळी व्होल्टेज दिलेले असते आणि कल धरला जातो. हा टप्पा थोडक्या वेळाचा असतो. पण तेवढ्यात सगळा मोनोमर संपत नाही. उरलेला मोनोमर तसाच ठेवला तर पॅनेल वापरात असताना तो हळूहळू जोडला जात राहील. म्हणून दुसऱ्या वेळी व्होल्टेज न देता, बराच अधिक वेळ प्रकाश दाखवून शिल्लक मोनोमर संपवला जातो. दुसरा टप्पा कंटाळवाणा आणि खर्चिक आहे, कारण त्या वेळात पॅनेल दिव्याखाली अडून राहते. पण त्यात केलेली काटकसर पुढे ग्राहकाच्या पडद्यावर दिसते.

येथे आणखी एक पेच आहे. पॉलिमर सुरू करून देणारा प्रकाशआरंभक घातला तर काम लवकर होते, पण त्याचे उरलेले तुकडे द्रवस्फटिकात आयनांची भर घालतात. म्हणून टीव्हीच्या मिश्रणात तो सहसा टाळतात आणि बायफिनाइलसारखा गाभा असलेला, स्वतःच अतिनील प्रकाश शोषणारा डायमेथॅक्रिलेट मोनोमर निवडतात. त्यासाठी लागणारा प्रकाश द्रवस्फटिकाच्या रेणूंनाही इजा करू शकतो, म्हणून दिव्यातील कमी तरंगलांबीचा भाग गाळून घ्यावा लागतो.

पडद्यावर जुन्या चित्राची सावली राहते, त्याला हेच पॉलिमर कारण असते का?

नेहमी नाही, पण एक कारण निश्चित तेच आहे. समजा पॅनेलमध्ये मोनोमर शिल्लक राहिला आणि एखाद्या वाहिनीचे चिन्ह कोपऱ्यात तासन्‌तास एकाच जागी उजळ दिसत राहिले. तिथे रेणू आडवे आहेत, शेजारी उभे आहेत, आणि शिल्लक मोनोमर हळूहळू जोडला जात आहे. महिन्याभराने त्या चिन्हाच्या जागी कल वेगळा धरला गेलेला असतो, आणि राखाडी पडदा लावला की चिन्हाची सावली दिसते. दुसरी शक्यता अशी की जाळे पुरेसे घट्ट नसते, आणि सतत ताणले गेल्यामुळे स्वतःच थोडे झुकते.

तिसरे कारण आयनांचे आहे. प्रत्येक पिक्सेलला दिलेला विद्युतभार पुढची फ्रेम येईपर्यंत, म्हणजे ६० हर्ट्झच्या पॅनेलमध्ये १६.७ मिलिसेकंद, टिकला पाहिजे. द्रवस्फटिकात आयन वाढले की हा भार गळतो, आणि एका बाजूला साठलेले आयन स्वतःचे व्होल्टेज निर्माण करतात. कारखान्यात ही तपासणी करण्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन कित्येक तास दाखवतात आणि मग एकसारखा राखाडी रंग लावून पट दिसतो का ते पाहतात.

अशी सावली आलेले पॅनेल यूव्ही दिव्याखाली ठेवून दुरुस्त करता येईल का?

नाही. पॅनेलवर चिकटवलेला ध्रुवक आणि त्यातली संरक्षक फिल्म अतिनील प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेतात, आत रंगांचे फिल्टर आहेत, आणि दिवसेंदिवस धरला गेलेला चुकीचा कल प्रकाशाने सुटत नाही. जो प्रकाश आत पोचेल तो फायद्यापेक्षा नुकसानच करील. दुरुस्तीच्या दुकानात हा प्रयोग कृपया करू नये.

पॉलिमर वाढवले तर डिस्प्ले आणखी वेगवान होईल ना?

होईल, पण व्होल्टेजच्या मोबदल्यात. व्होल्टेज काढल्यावर नेमॅटिकला परतायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४ मायक्रोमीटरचा थर २ मायक्रोमीटरचा केला तर वेळ चौथ्या हिश्शावर येतो. आतले दाट जाळे जणू जाड थराची लहान लहान खणांत विभागणी करते, आणि प्रत्येक खणातले रेणू आपल्या जवळच्या तंतूकडे झपाट्याने परततात. पण ज्या जाळ्याने परत ओढले, त्याच जाळ्याच्या विरुद्ध रेणूंना वळवायला जास्त जोर लागतो. दाट जाळ्याच्या नमुन्यांना दहा-दहा पट व्होल्टेज लागल्याचे अनुभव प्रयोगशाळांत नवीन नाहीत, आणि साध्या पॅनेलचे चालक परिपथ ते देऊ शकत नाहीत. शिवाय व्होल्टेज वाढवताना आणि उतरवताना वेगवेगळी चमक मिळण्याचा दोषही वाढतो. म्हणून टीव्हीमध्ये जाळे पृष्ठभागापुरते ठेवतात आणि दाट जाळे अवरक्त प्रकाशाच्या उपकरणांसारख्या, जिथे वेग अत्यावश्यक आहे अशा, कामांसाठी राखतात.

बटणाने धूसर होणाऱ्या काचेत हेच तंत्र आहे का?

बाजारात मिळणारी बहुतेक फिल्म पीडीएलसीची असते. तिला साधारण ५० ते ७० व्होल्ट प्रत्यावर्ती व्होल्टेज लागते आणि वीज असेपर्यंतच ती पारदर्शक राहते. भारनियमनात खोलीचा पडदा आपोआप ओढला जातो, हे दवाखान्यासाठी सोयीचे आणि दुकानाच्या दर्शनी काचेसाठी गैरसोयीचे आहे. ऑर्डर देण्यापूर्वी ग्राहकाला ते स्पष्ट सांगावे.

पॉलिमरने स्थिरावलेली कोलेस्टेरिक काच वेगळी. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात डेंग-के यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती विकसित केली. तिच्यात पॉलिमर काही टक्केच असल्यामुळे तिरक्या नजरेनेही काच स्वच्छ दिसते. पीडीएलसीत समोरून नितळ दिसणारी काच बाजूने पाहिली की धुकट वाटते, तो दोष इथे बराच कमी होतो. आणि जाळे कोणत्या क्षणी धरले यावर काचेचा स्वभाव ठरवता येतो. व्होल्टेज देऊन रेणू उभे असताना जाळे धरले तर वीज नसताना काच धूसर आणि वीज दिल्यावर पारदर्शक. व्होल्टेज न देता, मळसूत्रे काचेला काटकोनात नीट उभी असताना जाळे धरले तर नेमके उलट: वीज नसताना पारदर्शक, वीज दिली की धूसर. या दुसऱ्या प्रकारात मळसूत्राचा वेढा मुद्दाम मोठा ठेवतात, म्हणजे परत फिरणारा प्रकाश अवरक्त पट्ट्यात जातो आणि काचेला रंग येत नाही. या विषयाची ताकद एका उदाहरणात दाखवायची झाली तर मी हेच उदाहरण निवडीन.

ब्लू फेजचे पुढे काय झाले?

जोरदार पीळ असलेल्या कोलेस्टेरिकमध्ये, साध्या द्रवाच्या अवस्थेत जाण्याच्या अगदी आधी, एक-दोन अंशांच्या अरुंद पट्ट्यात ब्लू फेज नावाची त्रिमित रचना आढळते. तिचा प्रतिसाद मिलिसेकंदाच्याही आत असतो आणि तिला अलाइनमेंट थर लागत नाही, पण अंशभर तापमानाने कोसळणाऱ्या पदार्थाचा टीव्ही करता येत नाही. २००२ मध्ये जपानमधील क्यूशू विद्यापीठातल्या हिरोत्सुगू किकुची आणि सहकाऱ्यांनी तिच्यात पॉलिमरचे जाळे धरले. या रचनेत रेणूंची मांडणी जुळत नाही अशा दोषरेषांची जाळीच असते. पॉलिमर त्या रेषांमध्ये जाऊन बसले आणि ब्लू फेज ६० अंशांहून अधिक रुंद पट्ट्यात, खोलीच्या तापमानासह, टिकली. २००८ मध्ये सॅमसंगने १५ इंची ब्लू फेज पॅनेल प्रदर्शनात मांडले. जास्त व्होल्टेज, विद्युतभार टिकण्यातली उणीव आणि चढ-उतारातील तफावत या तीन अडचणींमुळे घरोघरच्या पडद्यात ती आली नाही. तरी, ज्या अवस्थेला केवळ कुतूहलाचा विषय मानले जात होते तिला पॉलिमरने उपकरणाच्या उंबरठ्यापर्यंत आणले, याचे मोल मला फार मोठे वाटते.

मुलांच्या इलेक्ट्रॉनिक पाटीत काय असते?

साडेआठ इंची, बटण दाबताच पुसली जाणारी जी पाटी आज खेळण्यांच्या दुकानात सर्रास मिळते, तिच्यातही कोलेस्टेरिक द्रवस्फटिक आणि पॉलिमर यांचा थर असतो. थर दोन लवचिक फिल्मच्या मध्ये असतो आणि मागची बाजू काळी असते. कोऱ्या पाटीत मळसूत्रे अस्ताव्यस्त आडवी असतात, प्रकाश त्यांतून आरपार जातो आणि मागचा काळा रंग दिसतो. नखाने किंवा लेखणीने दाबले की त्या जागी द्रव वाहतो, मळसूत्रे सरळ उभी राहतात आणि हिरवट प्रकाश परत फिरवतात. लिहिलेले टिकवायला वीज लागत नाही. ती फक्त पुसताना लागते, म्हणून गोल बटणसेल फार काळ पुरतो. दाब दिलेल्या जागेपुरताच द्रव वाहावा, अक्षर पसरू नये, हे काम पॉलिमर करते.

या क्षेत्रात भारतात काम झाले आहे का?

मूलभूत काम मोलाचे झाले आहे. नागपूर विद्यापीठात शिकलेले एस. चंद्रशेखर यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासह, चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होते हे दाखवून दिले. तोवर लांबट रेणूच हे करू शकतात असा समज होता. त्यांनी पुढे बंगळूरला द्रवस्फटिक संशोधनाचे स्वतंत्र केंद्र उभे केले, आणि आज ते नॅनो व मृदू पदार्थ विज्ञानाचे केंद्र म्हणून काम करते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा नमुना तयार करता येईल का?

येईल. ई७ हे नेमॅटिक मिश्रण, त्यात सुमारे ५ टक्के आरएम २५७ आणि मोनोमरच्या मानाने अगदी थोडा प्रकाशआरंभक एवढे साहित्य पुरते. ई७ सुमारे ६० अंशांना साधा द्रव होतो. त्याच्या थोडे वर तापवून ढवळले की मोनोमर नीट विरघळतो. आयटीओचे, म्हणजे पारदर्शक विद्युतवाहक थराचे, लेपन असलेल्या काचांच्या पाच ते दहा मायक्रोमीटर फटीत मिश्रण आपोआप ओढले जाते. मग खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ठेवावे. हातमोजे आणि यूव्ही चष्मा यांत हयगय नको. ॲक्रिलेटची त्वचेला ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की जात नाही.

सगळे काम पिवळ्या दिव्याखाली करावे आणि बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवावी. सुरुवातीच्या काळात मी तयार मिश्रणाची साधी काचेची बाटली खिडकीजवळच्या फळीवर शनिवार-रविवार तशीच ठेवली होती. सोमवारी बाटली कलती केली तर मिश्रण वाहिलेच नाही, साबुदाण्याच्या खिरीसारखे भिंतीला धरून राहिले. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने जाळे आधीच धरले होते, आणि तेही कोणत्याच दिशेचे नसलेले.

जाळे खरोखर तयार झाले आहे हे कसे ओळखायचे?

नमुना काटकोनातील दोन ध्रुवकांमध्ये, तापवता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर ठेवावा आणि तापमान सावकाश वाढवावे. ५८-६० अंशांच्या आसपास द्रवस्फटिक साधा द्रव होते आणि दृष्टिक्षेत्र अंधारते. पॉलिमर नसलेला नमुना पूर्ण काळा होतो. जाळे असलेल्या नमुन्यात मात्र त्या काळोखात अतिशय फिकट, केसाहून बारीक तंतू एका दिशेने लांबलेले दिसत राहतात, आणि मंच ४५ अंशांनी फिरवला की तेही मावळतात. याचा अर्थ पॉलिमरच्या साखळ्यांनी दिशा धरली आहे. आता तापमान उतरू द्यावे: आसपासचा द्रव पुन्हा उजळतो तो त्या तंतूंच्या कडेने, आणि काही क्षणांत पूर्वीचीच मांडणी, पूर्वीच्याच दिशेला, जागच्या जागी परत येते.